चालू दप्तराची सुरक्षित प्रत : सातबाऱ्याचा डेटाबेस आणि स्नॅपशॉटची पद्धत

नाशिक जिल्ह्यातील कळवण हा डोंगराळ, आदिवासीबहुल तालुका. सप्तशृंगीचा गड याच तालुक्यात आहे आणि गिरणा नदीवरील चणकापूरचे धरणही येथेच आहे. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. त्यामुळे येथील जमिनीच्या नोंदीला इतर भागांपेक्षा थोडे अधिक वजन आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे परवानगीवाचून जाऊ शकत नाही. १९७४ च्या जमीन प्रत्यार्पण अधिनियमाने तर १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेली हस्तांतरणे तपासून जमीन मूळ आदिवासी मालकास परत देण्याची तरतूद केली. अशा प्रकरणात आज सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे एवढे पाहून भागत नाही. अमुक तारखेस कोणाचे नाव होते, कोणत्या फेरफाराने ते कमी झाले आणि तो फेरफार कोणी प्रमाणित केला, हे सर्व दाखवावे लागते. नोंद गेली की खातेदाराच्या बोलण्याखेरीज काही उरत नाही, आणि महसुली प्रकरणात केवळ बोलण्यावर काय मिळते हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

ही नोंद पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असे. लाल कापडात बांधलेली गाव नमुन्यांची पुस्तके, तहसील कचेरीतील अभिलेख कक्ष आणि भूमी अभिलेख खात्याकडील टिपणे, नकाशे व आकारबंद, अशी तिची तीन घरे होती. एका घराला वाळवी लागली तरी दुसऱ्या घरातून पुष्कळसे उभे करता येत असे. आता गाव नमुना सात, बारा, सहा व आठ-अ संगणकावर आले आहेत. ई-फेरफार प्रणालीत तलाठी, म्हणजे २०२४ पासूनचे ग्राम महसूल अधिकारी, नोंद धरतात, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात आणि खातेदारास डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो. सोय फार मोठी झाली. मात्र दप्तर जसे एका ठिकाणी एकवटले, तसा धोकाही एकवटला. या दप्तराची प्रत कशी घेतात, ती कोणत्या चुकीने निरुपयोगी ठरते आणि आपण अधिकारी, शिक्षक वा पंचायत सदस्य म्हणून त्याविषयी कोणते प्रश्न विचारावेत, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. एखादे विशिष्ट कार्यालय आज कोणती आज्ञावली वापरते, याच्याशी या विवेचनाचा संबंध नाही. ज्या तत्त्वांवर असा कोणताही मोठा डेटाबेस चालतो, ती सर्वत्र सारखीच आहेत.

जुळी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

महत्त्वाचा डेटाबेस सहसा एकाच सर्व्हरवर ठेवीत नाहीत. एक मुख्य सर्व्हर असतो. त्यावर प्रत्यक्ष नोंदी होतात. त्याच्या जोडीला एक किंवा अधिक दुय्यम सर्व्हर असतात आणि मुख्य सर्व्हरवरील प्रत्येक बदल क्षणार्धात त्यांच्यापर्यंत पोचविला जातो. यास रेप्लिकेशन म्हणतात व दुय्यम सर्व्हरास रेप्लिका. हे काम कसे चालते ते आपल्या व्यापाऱ्यांच्या चोपड्यांवरून चांगले समजते. पेढीवर प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहिला जातो व मग सवडीने त्या त्या खात्यावर खतावला जातो. डेटाबेसही असेच करतो. कोणताही बदल प्रथम त्याच्या रोजकीर्दीत, म्हणजे लॉगमध्ये लिहिला जातो आणि नंतर मूळ तक्त्यांत उतरतो. मुख्य सर्व्हर आपल्या रोजकीर्दीची पाने रेप्लिकाकडे पाठवीत राहतो आणि रेप्लिका ती आपल्या खतावणीत चढवीत राहते.

मुख्य सर्व्हरची डिस्क जळाली तर रेप्लिका लगेच त्याची जागा घेते. येथवर सर्व ठीक. परंतु कोणी चुकून एका गावाचे सर्व खातेदार पुसून टाकले तर? पुसण्याची ही आज्ञादेखील रोजकीर्दीतील एक नोंदच आहे. ती सेकंदाच्या आत रेप्लिकाकडे जाते आणि तेथील खातेदारही पुसले जातात. कार्बन कागद घालून लिहिताना वरच्या पानावर झालेली चूक खालच्या पानावर जशीच्या तशी उमटते, त्यातलाच हा प्रकार. रेप्लिका यंत्राच्या बिघाडापासून वाचविते, माणसाच्या चुकीपासून किंवा दुष्ट हेतूपासून वाचवीत नाही. ‘आमच्याकडे तीन सर्व्हर आहेत, तेव्हा बॅकअपची काळजी नाही’ असे उत्तर एखाद्या बैठकीत मिळाले, तर ते देणाऱ्यास हा फरक ठाऊक नाही असे समजावे.

चालत्या दप्तराची नक्कल का बिघडते

मग रोज रात्री डेटाबेसच्या फाइलींची नक्कल करून ठेवावी, असे सहज सुचते. येथेच खरी मेख आहे. मोठ्या डेटाबेसची नक्कल होण्यास तास न् तास लागतात आणि तेवढा वेळ दप्तर थांबत नाही.

समजा, एका खातेदाराने आपल्या गटातील काही क्षेत्र भावास दिले. फेरफार प्रमाणित झाला की नमुना सहामधील नोंदीची स्थिती बदलते, नमुना सातवरील दोघांची क्षेत्रे बदलतात आणि आठ-अ मध्ये दोन्ही खात्यांच्या बेरजा बदलतात. हे सर्व मिळून एकच व्यवहार आहे. तो पूर्ण तरी व्हावा किंवा मुळीच होऊ नये. आता नक्कल करणाऱ्या आज्ञावलीने एका भावाच्या खात्याची फाइल रात्री अकरा वाजता उचलली, दहा मिनिटांनी हा व्यवहार झाला आणि दुसऱ्या भावाची फाइल बारा वाजता उचलली गेली, तर नकलेत पहिल्या भावाचे क्षेत्र पूर्वीइतकेच राहील आणि दुसऱ्याचे वाढलेले दिसेल. जगात नसलेली जमीन कागदावर निर्माण होईल. उलट क्रम लागला तर असलेली जमीन नाहीशी होईल. नक्कल अशी बिघडली असता कोणतीही सूचना मिळत नाही. फाइली दिसतात, त्यांचे आकारमान बरोबर असते, आणि ज्या दिवशी ती प्रत उघडण्याची वेळ येते त्या दिवशीच दोष उघड होतो.

कचेरी बंद करून नक्कल घ्यावी, हा जुना व खात्रीचा उपाय आहे. परंतु हंगामात पीककर्जासाठी सातबारा काढण्याची गर्दी असते, ई-पीक पाहणीच्या नोंदी मोबाइलवरून येत असतात आणि खरेदी-विक्रीच्या दस्तांवरून फेरफार सुरू होत असतात. राज्यभराचे दप्तर रोज काही तास बंद ठेवणे आता परवडणारे नाही. स्नॅपशॉटची पद्धत या अडचणीवरचा उपाय आहे.

स्नॅपशॉट म्हणजे काय

नावावरून हे छायाचित्रासारखे काही असावे असे वाटते. तसा परिणाम साधतो खरा, पण साधण्याची रीत निराळी आहे आणि ती समजली की पुढील सर्व नियम आपोआप उलगडतात.

शंभर पानांची एक सुटी नोंदवही कल्पावी. सकाळी साडेदहा वाजताची तिची स्थिती जपून ठेवावयाची आहे. शंभर पाने उतरवून काढण्याऐवजी अभिलेखपाल केवळ एक हुकूम काढतो : ‘यापुढे कोणत्याही पानावर खाडाखोड करण्यापूर्वी त्या पानाची जुनी प्रत या कप्प्यात ठेवावी आणि मगच बदल करावा.’ हुकूम काढण्यास क्षणच लागतो. त्यानंतर काम नेहमीप्रमाणे सुरू राहते. दुपारी कोणास साडेदहाची नोंदवही पाहावयाची असेल तर जी पाने बदललेली नाहीत ती त्याने चालू वहीतून वाचावी आणि जी बदलली ती कप्प्यातून वाचावी. दोन्ही मिळून साडेदहाची वही अखंड दिसते. डिस्कवरील स्नॅपशॉट याच रीतीने होतो, पानाच्या जागी तेथे डिस्कचा ब्लॉक असतो, इतकेच. काही आधुनिक फाइलव्यवस्थांत जुने पान जागेवरच ठेवून बदल नव्या जागी लिहितात. परिणाम तोच.

या वर्णनातून तीन गोष्टी निघतात. स्नॅपशॉट घेण्यास वेळ लागत नाही, कारण त्या क्षणी काहीच उतरविले जात नाही. तो जितका काळ ठेवावा तितका कप्पा भरत जातो. लिनक्सवरील एलव्हीएम या व्यवस्थेच्या नेहमीच्या स्नॅपशॉटमध्ये कप्पा पूर्ण भरला की स्नॅपशॉटच रद्द होतो आणि रात्रभर चाललेली नक्कल वाया जाते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : न बदललेली पाने अजून चालू वहीतच आहेत. वही जळाली तर कप्प्यातील थोड्या पानांचा काय उपयोग? म्हणून स्नॅपशॉट घेणे म्हणजे बॅकअप घेणे नव्हे. बॅकअपसाठी वेळ मिळवून देणारी ती एक स्थिर अवस्था आहे. तिच्यावरून सावकाश दुसऱ्या यंत्रावर पूर्ण नक्कल करावी आणि नक्कल झाली की स्नॅपशॉट काढून टाकावा. आभासी यंत्रांचे स्नॅपशॉट आठवडेच्या आठवडे तसेच पडून असल्याचे आढळते. ते काम मंदावितात आणि रक्षण मात्र करीत नाहीत.

रोजकीर्द व खतावणी एकाच क्षणाची हवी

साडेदहाचा स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी काही व्यवहार अर्धवट अवस्थेत असणारच. त्यांचे काय? ऐन कामात वीज गेली तर जे होते तेच. वीज परत आल्यावर डेटाबेस आपली रोजकीर्द वाचतो, पूर्ण झालेले पण खतावणीत न चढलेले व्यवहार चढवितो आणि अपुरे व्यवहार रद्द करतो. पेढीवरचा मुनीम सकाळी येऊन हेच करतो. स्नॅपशॉटवरून उभा केलेला डेटाबेसही सुरू होताना याच रीतीने स्वतःला सावरून घेतो.

मात्र एक अट आहे. रोजकीर्द आणि खतावणी यांचे स्नॅपशॉट एकाच क्षणाचे असले पाहिजेत. कामाचा वेग वाढावा म्हणून पुष्कळ ठिकाणी लॉग एका डिस्कवर आणि तक्ते दुसऱ्या डिस्कवर ठेवतात. रोजकीर्दीचा स्नॅपशॉट आधी व खतावणीचा दोन मिनिटांनी घेतला, तर खतावणीत अशा नोंदी सापडतील की ज्यांचा रोजकीर्दीत पत्ताच नाही. मुनीम तेथे काय करणार? अशा प्रतीवरून डेटाबेस एक तर उभाच राहत नाही, किंवा उभा राहून चुकीचे दाखवितो. दुसरी शक्यता अधिक वाईट. म्हणून सर्व डिस्कांचा स्नॅपशॉट एकत्र, अविभाज्यपणे घेण्याची सोय साठवण यंत्रणेत आहे की नाही, हे खरेदीच्या वेळीच पाहावे लागते.

ती सोय नसेल तर डेटाबेसला आधी सूचना द्यावी लागते. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये बॅकअप सुरू होत असल्याची व संपल्याची अशा दोन आज्ञा आहेत. पहिली आज्ञा दिली की डेटाबेस रोजकीर्दीतील आरंभाची जागा नोंदवितो आणि दुसरी दिली की शेवटाची. मधल्या काळात उचललेली पाने मागेपुढे झाली असली तरी बाधा नाही, फक्त आरंभापासून शेवटापर्यंतची अखंड रोजकीर्द सोबत जपलेली हवी. तिच्या आधारे ती पाने एका ओळीत आणता येतात. मायएसक्यूएलमध्ये सर्व तक्त्यांना काही क्षण लिहिण्याची बंदी करणारे कुलूप लावून, रोजकीर्दीतील जागा टिपून, स्नॅपशॉट घेऊन कुलूप काढण्याची रीत आहे. तेथे एक फसगत नेहमी होते. कुलूप लावणारी जोडणी बंद झाली की कुलूप आपोआप निघते. आज्ञावली लिहिणाराने एका जोडणीत कुलूप लावले, ती जोडणी बंद केली आणि मग स्नॅपशॉट घेतला, तर त्याच्या कागदावर सर्व पायऱ्या पूर्ण झालेल्या दिसतात, प्रत्यक्षात स्नॅपशॉट उघड्या दाराचा असतो.

प्रत कोणत्या सर्व्हरवरून घ्यावी

नक्कल करताना डिस्कवर भार पडतो आणि खातेदारास सातबारा मिळण्यास विलंब होतो. म्हणून शक्यतो रेप्लिकावर स्नॅपशॉट घ्यावा. परंतु रेप्लिका मुख्य सर्व्हरच्या थोडी मागे असू शकते. जाळ्याचा वेग कमी पडला किंवा एखादे मोठे काम चालू असले की हे अंतर काही सेकंदांवरून काही तासांवर जाते. स्नॅपशॉटपूर्वी हे अंतर मोजावे, ते ठरावीक मर्यादेबाहेर असेल तर स्नॅपशॉट न घेता संबंधितास कळवावे आणि घेतल्यास रोजकीर्दीतील कोणत्या जागेपर्यंतचा आहे ते प्रतीसोबत लिहून ठेवावे. असे न केल्यास ‘काल रात्रीची प्रत’ म्हणून जपलेली वस्तू वास्तविक परवा सकाळची निघते.

कामापुरते खतावणे थांबविले असेल तर ते पुन्हा सुरू झाल्याची खात्री करणेही विसरू नये. रेप्लिका फार काळ थांबून राहिली तर तिला हवी असलेली रोजकीर्दीची जुनी पाने मुख्य सर्व्हर टाकून देतो आणि मग ती रेप्लिका पहिल्यापासून उभारावी लागते. जोडीला एकच रेप्लिका असेल तर तिला या कामास जुंपणे धोक्याचे, कारण त्याच वेळी मुख्य सर्व्हर बंद पडला तर हाताशी काही नाही. डेटाबेस अनेक यंत्रांवर विभागलेला असेल, म्हणजे काही जिल्हे एका यंत्रावर व काही दुसऱ्यावर असे असेल, तर प्रत्येक यंत्राचा वेगवेगळ्या वेळचा स्नॅपशॉट एकत्र बांधून चालत नाही. दोन भावांच्या खात्यांचे उदाहरण तेथेही लागू पडते.

रोजकीर्दीची पाने तयार होतील तशी वेगळ्या जागी पाठवीत राहणे, ही स्नॅपशॉटची जोडगोळी होय. रविवारी रात्रीचा स्नॅपशॉट आणि तेव्हापासूनची सर्व रोजकीर्द हाती असली तर बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांपर्यंतची स्थिती उभी करता येते. चूक दोन वाजून अकरा मिनिटांनी झाली असेल तर त्याच्या आधीच थांबता येते. नुसता स्नॅपशॉट असला तर मधल्या तीन दिवसांचे फेरफार गेले. काही ठिकाणी एक रेप्लिका मुद्दाम काही तास मागे ठेवतात, तीही याच हेतूने.

सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट

परदेशातील एक उदाहरण या बाबतीत अभ्यासण्याजोगे आहे, कारण ज्या संस्थेत ते घडले तिने आपली चूक तपशीलवार प्रसिद्ध केली. गिटलॅब ही संगणक आज्ञावल्यांच्या संहिता सांभाळणारी संस्था. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिची रेप्लिका मुख्य सर्व्हरच्या फार मागे पडली होती. ती नव्याने उभारण्यासाठी रेप्लिकावरील जुनी माहिती पुसण्याचे काम रात्री उशिरा चालले होते. अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली ती रेप्लिकाऐवजी मुख्य सर्व्हरवर. दोन क्षणांत चूक ध्यानात येऊन त्याने आज्ञा थांबविली, परंतु तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइटच उरले होते.

मग बॅकअप शोधण्यास सुरुवात झाली. रोजची नक्कल घेणारी आज्ञावली डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीची असल्यामुळे ती प्रत्येक वेळी अयशस्वी होत होती. अपयशाची सूचना देणारी ई-पत्रे पोचतच नव्हती. डिस्कच्या स्नॅपशॉटची सोय इतर सर्व्हरांसाठी सुरू होती, डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी नव्हती. शेवटी उपयोगी पडला तो सुमारे सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट. त्यावरून अठरा तासांहून अधिक काळाने सेवा पूर्ववत झाली. मधल्या सहा तासांतील सुमारे पाच हजार प्रकल्पांची, तितक्याच अभिप्रायांची आणि सातशे नव्या सभासदांची माहिती कायमची गेली.

या संस्थेत यंत्रांची किंवा कुशल माणसांची वाण नव्हती. उणीव होती ती घेतलेली प्रत कधी उघडून न पाहण्याची. आपल्याकडील कचेऱ्यांत ‘बॅकअप घेतला’ या नोंदीपुढे दररोज स्वाक्षरी होते. ‘बॅकअप उघडून पाहिला’ असा रकाना मात्र नोंदवहीत फारसा आढळत नाही.

प्रतीचा मुक्काम

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली आणि कित्येक विभागांच्या नस्ती जळाल्या. ज्या कागदांची प्रत अन्यत्र होती तेवढेच पुन्हा उभे करता आले. संगणक आल्याने हा प्रश्न सुटला असे मानू नये. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे शासकीय माहिती केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली आणि सहाशेंहून अधिक शासकीय प्रणाली बंद पडल्या. त्यांपैकी बहुतेक पुन्हा उभ्या करता आल्या. परंतु शासकीय कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे ज्या सामायिक साठवणीत होती तिची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा असल्याने तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. संगणकीकरणात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा.

यावरून प्रत दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या इमारतीत आणि शक्य तर दुसऱ्या शहरात हवी, हे उघड आहे. अलीकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते. खंडणीखोर आज्ञावल्या चालू माहितीबरोबर जोडलेले बॅकअपही कुलूपबंद करतात. म्हणून निदान एक प्रत अशी असावी की जी ठरावीक मुदतीपर्यंत मुख्य व्यवस्थापकालाही बदलता वा पुसता येणार नाही, किंवा जी जाळ्यापासून पूर्ण तुटलेली असेल. प्रतीत लोकांची नावे, वारस व बोजे असतात. तेव्हा ती सांकेतिक रूपात ठेवावी आणि संकेताची किल्ली प्रतीजवळ ठेवू नये. किल्लीची मात्र दोन ठिकाणी नोंद असावी, कारण किल्ली हरवलेली प्रत आणि जळालेली प्रत यांत व्यवहारतः भेद नाही.

प्रत उघडण्याचा सराव

प्रत उघडून पाहावयाची ती चालू सर्व्हरपासून अलग केलेल्या यंत्रावर. डेटाबेस सुरू झाला म्हणजे काम झाले असे नाही. नोंदी जुळतात का, हे पाहावे. यासाठी महसूल खात्यास नव्याने काही शिकावयाचे नाही. गावातील सर्व गटांच्या सातबाऱ्यांवरील क्षेत्राची बेरीज आकारबंदाशी जुळली पाहिजे, हा जुनाच दंडक आहे. आठ-अ वरील खात्यांची बेरीज नमुना सातशी जुळावी, फेरफारांचे क्रमांक मध्येच तुटलेले नसावेत आणि शेवटच्या फेरफाराची वेळ स्नॅपशॉटच्या वेळेशी मिळतीजुळती असावी. कळवण तालुक्यातील काही गावे घेऊन ही पडताळणी तासाभरात होऊ शकते. २०१७ मध्ये राज्यात संगणकीकृत सातबाऱ्यांचे विशेष चावडी वाचन झाले तेव्हा गावकऱ्यांनी स्वतःच्या नोंदी ऐकून चुका दाखविल्या होत्या. उभ्या केलेल्या प्रतीतील निवडक गटांचे उतारे चालू उताऱ्यांशी ताडून पाहणे, हेही एक प्रकारचे चावडी वाचनच.

या सरावात दोन आकडे हाती येतात आणि वरिष्ठांनी तेच मागावेत. एक, आज या क्षणी सर्व नष्ट झाले तर किती वेळाच्या नोंदी परत मिळणार नाहीत. दुसरा, कचेरी पुन्हा सुरू होण्यास किती तास लागतील. गिटलॅबचा अनुभव असा की स्नॅपशॉट हाती असूनही केवळ नक्कल परत आणण्यात बहुतेक वेळ गेला, कारण ज्या डिस्कांवर ती होती त्या मंद होत्या. हा वेळ प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कळत नाही.

खरीच आपत्ती आली तर आणखी दोन पथ्ये पाळावीत. चूक थोड्या नोंदींपुरती असेल तर जुनी प्रत चालू डेटाबेसवर ओतू नये. त्यामुळे चुकीनंतरचे सर्व योग्य फेरफारही जातील. प्रत बाजूला उभी करून तिच्यातून हरवलेल्या नोंदी तेवढ्या काढाव्यात आणि त्या रीतसर आदेशाने भराव्यात. आणि संपूर्ण डेटाबेसच जुन्या स्नॅपशॉटवरून उभा केला असेल तर पूर्वीच्या रेप्लिका तशाच जोडू नयेत. त्यांच्याजवळची खतावणी वेगळ्या इतिहासाची असते. त्या रिकाम्या करून नव्या मुख्य सर्व्हरवरून पुन्हा उभाराव्यात. घाईत ही पायरी गाळली गेली तर पुढे एका सर्व्हरचा सातबारा एक सांगतो व दुसऱ्याचा दुसरेच.

ग्रामपंचायतीचा आणि शाळेचा संगणक

राज्याच्या डेटाबेसची व्यवस्था तज्ज्ञ पाहतील. परंतु ग्रामपंचायतीत कर आकारणीचा नमुना आठ, ठरावांची टिपणे व लाभार्थ्यांच्या याद्या, आणि शाळेत जनरल रजिस्टरची संगणकीय प्रत, अशा पुष्कळ गोष्टी एकाच संगणकावर असतात. तेथे रेप्लिका नाही आणि तज्ज्ञही नाही, तरी धोका तोच. शाळेच्या जनरल रजिस्टरातील जातीची व जन्मतारखेची जुनी नोंद जात पडताळणीत किती मोलाची ठरते, हे कळवण, सुरगाणा, पेठ भागातील शिक्षकांना चांगले ठाऊक आहे.

अशा ठिकाणी साधी रीत पुरते. लेखा किंवा इतर आज्ञावली पूर्ण बंद करूनच फाइलींची नक्कल घ्यावी, कारण उघड्या फाइलीची नक्कल अर्धवट निघू शकते. दोन वेगवेगळ्या बाह्य डिस्क ठेवून त्या आठवड्याआड वापराव्यात, म्हणजे या आठवड्यात शिरलेली चूक गेल्या आठवड्याच्या प्रतीत नसेल. एक डिस्क कार्यालयाबाहेर, अधिकृत ताब्यात आणि पोच घेऊन ठेवावी. नक्कल झाल्यावर डिस्क संगणकाला लावून ठेवू नये. तिमाहीतून एकदा ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून, कोणत्याही पाच घरांची कर आकारणी छापील नोंदवहीशी ताडावी आणि ताडल्याची तारीख, ताडणाराचे नाव व लागलेला वेळ मासिक सभेपुढे ठेवावा.